दुपारचं माप

बाळ रडतंय हे मला बाविसाव्या शॉटला कळलं.

कानांत रबरी बोळे होते, रायफल गालाला टेकलेली होती आणि दहा मीटरवरचा काळा ठिपका पुढच्या कडीच्या बरोबर मधोमध येऊन थांबत होता. अशा वेळी मागं प्रेक्षकांत कुणी खुर्ची पाडली तरी मला ऐकू येत नाही. पण ते रडणं कानांतून आलंच नाही. बोट चापावर होतं, शॉट सुटला, पडद्यावर आकडा उमटला : नऊ पूर्णांक सहा.

प्रत्येक शॉटला जास्तीत जास्त दहा पूर्णांक नऊ मिळतात, आणि अशा स्पर्धेत दहाच्या खाली येणं म्हणजे भरल्या पंगतीत ताट उपडं करणं. त्यात दुसरी गंमत अशी की आकडा उमटला त्याच क्षणी मला पान्हा फुटला. आतला शर्ट ओला झाला. अडीच मिलिमीटर जाडीच्या त्या कॅनव्हासच्या जाकिटाखाली मी परदेशात, पन्नास-साठ मुलींच्या ओळीत, दुधानं भिजून उभी होते.

मी रायफल स्टँडवर ठेवली आणि मागं वळले. मॅच चालू असताना वळायचं नाही, हा मी स्वतःसाठी केलेला नियम. तो त्या दिवशी पहिल्यांदा मोडला.

तिसऱ्या रांगेत आत्या उभ्या होत्या. आमच्या कऱ्हाडकडं सासूला आत्या म्हणतात. खांद्यावर सात महिन्यांची मुक्ता, एका हातानं तिची पाठ थोपटणं, दुसऱ्या हाताला पिशवी. त्या पिशवीत मी पहाटे काढून ठेवलेल्या दुधाच्या दोन बाटल्या होत्या आणि आत्यांचं बाळाला पाजायचं चांदीचं बोंडलं होतं. मुक्ताला बाटलीचं निपल चालत नसे, पण आत्यांच्या हातून बोंडल्यानं ती गुमान प्यायची. मग देत का नाहीत ह्या?

आत्यांनी माझ्याकडं पाहिलं. हातानं 'पुढं बघ' अशी खूण केली आणि त्या रडणाऱ्या पोरीला घेऊन दाराबाहेर गेल्या. पिशवीला हात लावला नाही.

मी चिडले. खरंच सांगते, त्या क्षणी मला त्या बाईचा राग आला.

*

सुलोचना डुबल हे नाव कऱ्हाडच्या शनिवार पेठेत बायकांना सांगावं लागत नाही. तेव्हा त्यांना ब्लाउज शिवून तीस वर्षं झाली होती. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल, समोर मापांची वही. गिऱ्हाईक बाळंतीण असली की टेप लावायच्या आधी त्यांचा एकच प्रश्न असायचा : "पाजलंस कवा?" पाजून दोन तास झाले असतील तर त्या माप घ्यायच्याच नाहीत. एका शिक्षिकेला तर त्यांनी माझ्यादेखत परत पाठवलं होतं. "बाई, लेकराला पाजून या. न्हायतर दोन ब्लाउजं शिवावी लागतील, एक पाजायच्या आधीचं, एक नंतरचं." शिक्षिका लाजली, बाकीच्या बायका हसल्या. मीही हसले होते. नवी सून होते तेव्हा.

मुक्ताच्या वेळी माझं वर्षभर रेंजवर जाणं थांबलं. परत सुरू केलं तेव्हा आमचे प्रशिक्षक देवळेकर सर यांनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाले, "वृषाली, पिल्झेनच्या स्पर्धेत फायनल गाठलीस तर संघात राहशील. नाही गाठलीस तर तुझं नाव कापतील आणि मला अडवता येणार नाही."

पिल्झेन म्हणजे चेक देशातलं गाव. मुक्ता अंगावर पिणारी. माझा नवरा धनंजय म्हणाला, मी येतो सोबत. आत्या मशिनवरनं मान वर न करता म्हणाल्या, "तू जाऊन काय करणार? तुला धड लंगोट बांधता येत न्हाय. मी जाती."

त्या आल्या. नऊवारी, पायांत लोकरीचे मोजे, आणि गळ्यात टेप. विमानतळावर तपासणीवाल्या बाईनं टेपकडं बोट दाखवलं तर म्हणाल्या, "ते मंगळसूत्रासारखंच हाय माझं, ऱ्हाऊ दे."

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी हॉटेलवर त्यांनी माझं जाकीट पहिल्यांदा हातात घेतलं. नेमबाजीचं जाकीट कॅनव्हास आणि चामड्याचं असतं, जमिनीवर ठेवलं तर आपलं आपण उभं राहतं.

"हे जाकीट हाय का दरवाजा?" आत्या म्हणाल्या. मग मला ते घालायला लावलं, पुढून बटणापाशी दोन बोटं घालून पाहिली. "छातीत घट्ट हाय. तीन वर्षांमागचं माप हे. बटणं दोन बोटं सरकवून देते, दोरा हाय माझ्याकडं."

"हात लावू नका!" मी आणि देवळेकर सर एकदमच ओरडलो. मुक्ता दचकली.

सरांनी मग समजावून सांगितलं. जाकीट घट्ट असलं तर ते शरीराला टेकू देतं, नेम हलत नाही, म्हणजे ती एक प्रकारची लबाडी. म्हणून जाकीट ठरावीक सैल असावंच लागतं, पण त्याहून सैल केलं तर आपलाच नेम हलतो. बटणाच्या पुढं त्याची कड किमान सात सेंटिमीटर ओढली गेली पाहिजे. स्प्रिंगचा काटा लावून ओढतात आणि पट्टीनं मोजतात. सकाळी तपासून शिक्का मारतात. त्यानंतर बटण हललं, टाका बदलला, की खेळाडू बाद.

"म्हंजे घट्ट असलं तरी बाद, सैल केलं तरी बाद," आत्या म्हणाल्या. "बरी हाय की तुमची शिवणकला."

"आणि काकू, एवढ्यावर संपत नाही. मॅच झाली की चिठ्ठ्या टाकून चार जणींना परत बोलावतात. तेव्हा माप कमी भरलं तर सगळे गुण गेले. दुसरी संधी नाही."

"परत मापत्यात? कवा?"

"लगेच. बारा-सव्वाबाराला."

"दुपारी," आत्या म्हणाल्या. आणि बराच वेळ टेप बोटाला गुंडाळत, सोडत, परत गुंडाळत राहिल्या. मला वाटलं, प्रवासानं दमल्या.

सकाळी साडेआठला मी मुक्ताला पाजलं आणि नऊला तपासणीला गेले. आतल्या कपड्यांचीही जाडी मोजतात, म्हणून दूध टिपायच्या घड्या काढून ठेवायला लागल्या. जाकिटाचं माप भरलं चौऱ्याहत्तर मिलिमीटर. चार जास्त! सरांनी हवेत मूठ उडवली. दशांशाच्या दशांशाचा हिशोब ठेवणारी माणसं आम्ही, चापाचं वजन, बुटाच्या तळव्याची जाडी, डोळ्यावरच्या पट्टीची रुंदी, सगळं आमच्या वहीत लिहिलेलं. फक्त एक गोष्ट आम्हा दोघांपैकी कुणाच्याच वहीत नव्हती.

*

तर बाविसावा शॉट. नऊ पूर्णांक सहा.

राग रायफलीला लगेच कळतो. कडीत ठिपका थरथरतो, लपवता येत नाही. मी तीनदा रायफल उचलली, नेम धरला आणि न उडवता खाली ठेवली. घड्याळात चार मिनिटं गेली. ओला शर्ट पोटाला थंड लागत होता. रडणं आता येत नव्हतं. मी मनाशी म्हटलं, दिलं असेल. बाहेर बाकावर बसून, मांडीवर आडवी घेऊन, बोंडल्याचं टोक ओठांच्या कोपऱ्यात लावलं असेल. आता गिळत असेल, तळवे उघडत असतील. पोट भरायला लागलं की मुक्ताच्या मुठी आपोआप सुटायच्या.

ती सुटलेली मूठ डोळ्यांपुढं आली आणि शॉट गेला. दहा पूर्णांक पाच.

पुढचे सदतीस शॉट मी त्या मुठीवर काढले. शेवटचा छर्रा गेला तेव्हा सहा मिनिटं बाकी होती. मग बाकीच्यांचं संपायची वाट. फलकावर नावं वर-खाली होत राहिली. मी सातवी, नववी, परत आठवी. फायनलला आठच जणी जातात. दिवा लागला, सगळं थांबलं, आणि मी आठवीच होते. नववीपेक्षा एक दशांशानं वर.

कठड्यापलीकडून सर धावत आले. "डुबल! फायनल! पोरी, फायनल!"  आणि तेवढ्यात एक अधिकारी हातात चिठ्ठी घेऊन माझ्यासमोर येऊन उभा राहिला. चिठ्ठीवर माझ्या जागेचा क्रमांक होता. एकतीस.

"चला, मोजू देत," सर खुशीत म्हणाले. "चौऱ्याहत्तर आहे आपलं."

तपासणीच्या खोलीत पोचून मी वरचं बटण नीट करायला गेले आणि हात तिथंच राहिला. छाती दगडासारखी झाली होती. सकाळी सहज लागलेलं बटण आता तटतटून उभं होतं.

"काय झालं?"

"सर, पाजून पावणेचार तास झाले."

सर पन्नाशीचे, अविवाहित. त्यांना क्षणभर काहीच उमगलं नाही. मग उमगलं आणि चेहऱ्यावरचा रंग उतरला. "म्हणजे... सकाळचं चौऱ्याहत्तर..."

"सकाळचं सकाळी गेलं, सर."

खोलीतून बाहेर जायला बंदी. दूध काढायचं यंत्र हॉटेलवर. माझा नंबर चौथा. पहिली मुलगी मोजून गेली. दुसरीचं माप अडुसष्ट भरलं. दोन मिलिमीटर कमी. तपासणाऱ्या बाईंनी पट्टी तिला दाखवली, कागदावर काहीतरी लिहिलं. त्या मुलीनं वाद घातला नाही. बाकावर बसली, वाकून बुटांचे बंद सोडायला लागली, आणि सुटलेले बंद परत बांधायला लागली. मी दुसरीकडं बघितलं.

तपासणाऱ्या बाई साठीच्या असाव्यात. पांढरे आखूड केस, दोरीला अडकवलेला चष्मा, छातीवर नाव : इंग्रिड. चेहऱ्यावर ना राग ना हसू.

तिसऱ्या मुलीला काटा लावत होते तेव्हा बाहेर बोळात रडणं ऐकू आलं. ते साधं रडणं नव्हतं, टाहो होता. दारावरच्या माणसानं हात आडवा केला आणि त्या हाताखालून, नाही, त्या हातासकट, आत्या आत आल्या.

"बाजूला व्हा. लेकरू हाय."

मराठी त्याला काय कळणार. पण बाजूला झाला.

मुक्ताचा चेहरा लालबुंद, नाक वाहतंय. आत्यांच्या खांद्यावरचा पदर भिजून चोळामोळा झालेला. आणि पिशवीतनं डोकावणाऱ्या दोन्ही बाटल्या काठोकाठ भरलेल्या.

"आत्या! दूध तसंच आहे! एक थेंब दिला नाहीत तिला?" माझा आवाज चढला. सून म्हणून मी त्यांच्याशी असं कधी बोलले नव्हते. "सकाळपासून उपाशी ठेवलीत?"

"आदी पाज. मग भांड."

"मला इथून हलता येत नाही!"

"मग हलू नको. हितंच पाज." त्या सरांकडं वळल्या. "इचारा त्या बाईला. लेकराला पाजलं तर चालतंय का, म्हनावं."

सरांनी अडखळत इंग्रजीत विचारलं. इंग्रिडबाईंनी चष्मा लावला. टेबलावरचं जाडजूड नियमांचं पुस्तक उघडलं. एक पान, दुसरं पान. शेजारच्या अधिकाऱ्याशी हलक्या आवाजात काही बोलल्या. सगळी खोली थांबली होती, मुक्ता सोडून. मग त्या एकेक शब्द सावकाश म्हणाल्या, आणि सर भाषांतर करत गेले.

"त्या म्हणतात, खेळाडूनं खोली सोडायची नाही. जाकिटाला कुणी हात लावायचा नाही, ते त्यांच्यासमोर खुंटीला राहील. मापाची पाळी आली की लगेच उभं राहायचं. आत्ता काट्याची पडताळणी करायची आहे, त्याला बारा मिनिटं लागतील." सर थांबले. "आणि पुस्तकात बाळाबद्दल काहीच लिहिलेलं नाही, असं म्हणतात."

"न्हाय ना? मग बरं झालं," आत्या म्हणाल्या.

मी जाकीट काढून खुंटीला लावलं. भिंतीकडं तोंड करून बसले. आत्या पदर पसरून माझ्यामागं आडोशाला उभ्या राहिल्या, आणि देवळेकर सर त्यांच्याही पुढं, छताकडं बघत.

मुक्ता तुटून पडली. नेहमी खेळत, मान फिरवत पिणारी पोर त्या दिवशी डोळे मिटून गटागटा घोट घेत होती. तिला ठसका लागेल की काय अशी मला भीती वाटायला लागली.

"आता दुसरीकडं घे," मागनं आत्यांचा आवाज आला. "दोन्ही बाजू मोकळ्या झाल्या पायजेत."

मी मान वर केली. त्यांच्या हातात टेप होता. त्या माझ्याकडं नाही, खुंटीवरच्या जाकिटाकडं बघत होत्या, गिऱ्हाइकाचं कापड बघावं तसं.

तेव्हा मला कळलं. शनिवार पेठ, वही, शिक्षिका, 'पाजलंस कवा?'

"आत्या, तुम्ही मुद्दाम..."

"बोंडल्यानं पाजलं असतं तर आता दोन घोट घेऊन झोपली असती," त्या हळू म्हणाल्या. "मग तुझं जाकीट कोन सैल करनार हुतं? तुझा सर?"

सरांनी छताकडं बघतच खाकरल्यासारखं केलं.

"काल का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर साठ गोळ्या झाडताना तू छातीच मोजत बसली असतीस. म्या म्हटलं, हिला नेम धरू दे. माप माझ्याकडं."

बारा मिनिटं झाली. मुक्ताची मूठ माझ्या अंगावर सुटली होती. तिला आत्यांकडं दिलं, जाकीट घातलं, बटणं लावली, हात दोन्ही बाजूंना सोडून उभी राहिले. इंग्रिडबाईंनी काटा अडकवला आणि ओढला. पट्टी लावली. वाकून बघितलं. परत बघितलं. आत्याही शेजारी जाऊन वाकल्या. कुणी त्यांना अडवलं नाही. एका बाजूला पांढरे आखूड केस, दुसऱ्या बाजूला अंबाडा, आणि मधे माझ्या छातीवर एक पोलादी पट्टी.

"एकाहत्तर," आत्या इंग्रिडबाईंच्या आधी म्हणाल्या.

इंग्रिडबाईंनी कागदावर तोच आकडा लिहिला, सही केली. मग चष्मा काढून आत्यांच्या गळ्यातल्या टेपकडं बोट दाखवलं आणि काहीतरी विचारलं. सर म्हणाले, "विचारतायत, तुम्हीही तपासनीस आहात का?"

"व्हय म्हनावं," आत्या म्हणाल्या. "तीस वर्सं."

बाहेर बोळातल्या बाकावर आम्ही बसलो. फायनलला चाळीस मिनिटं होती. आत्यांनी पिशवीतून एक पुडी काढली. सकाळी मीच त्यांना बांधून दिलेली, चपाती आणि शेंगदाण्याची चटणी. तशीच्या तशी होती. त्यांनी चपातीची गुंडाळी केली आणि घाईघाईनं खायला लागल्या.

"तुम्ही पण खाल्लं नव्हतं?"

"लेकराला उपाशी ठिवून म्या काय गिळू?" तोंडात घास घेऊन त्या म्हणाल्या. "जा तू. ते बोलावत्यात बघ."

फायनलमध्ये मी पाचवी आले. पदक नाही. पण संघात नाव राहिलं आणि त्यानंतर सहा वर्षं राहिलं. त्या फायनलचे शॉट मला आज विचाराल तर एकही आठवत नाही. आठवतं ते एवढंच की सुरुवातीला आठही जणींची नावं पुकारली. नाव पुकारलं की खेळाडूनं प्रेक्षकांकडं वळायचं. "वृषाली डुबल, इंडिया" असं झालं, मी वळले, आणि पहिल्या रांगेत एक नऊवारीतली बाई ताडकन उठून उभी राहिली. डुबल म्हणजे आपणच की. कडेवर झोपलेलं बाळ, गळ्यात टेप. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या तिनं मान हलवून, अगदी हक्कानं, घेतल्या.

*

मागच्या रविवारी मुक्तानं आजीच्या मशिनचा खण उपसला. ती आता दुसरीत आहे, दिसेल ते मोठ्यानं वाचत सुटते. मापांच्या जुन्या वह्यांतली एक घेऊन माझ्याकडं आली.

"आई, ह्यात तुझं नाव आहे."

ते पान मी कधी पाहिलं नव्हतं. वरच्या बाजूला कुणा सुरेखा पवारची बाही आणि गळा, खाली कुणा जाधववहिनींची कंबर. मधे पेन्सिलीनं, आत्यांच्या बसक्या अक्षरात :

'वृषाली. बंदुकीचं जाकीट. सकाळी ७४. दुपारी ७१, पाजल्यावर. पास.'

आणि त्याखाली आणखी एक ओळ. मुक्तानं ती बोट ठेवून वाचली.

"मुक्ता. पाव-णे-चार तास थांबली. लई शाणी."

"पावणेचार तास?" तिनं आजीकडं पाहिलं. "मी?"

मशिनचं चाक हातानं थांबवून आत्या म्हणाल्या, "तूच. दुसरं कोन हुतं तिथं थांबनारं?"

 वही माझ्या हातात देऊन मुक्ता आजीसमोर जाऊन उभी राहिली, पाय जुळवून, दोन्ही हात खाली सोडून, माप द्यायला उभं राहतात तशी.